साधा फोन बाबांना नको, गल्ल्याला द्या

*मॅडम, सप्रेम नमस्कार.*

*कराडला आमचं रंगाचं आणि हार्डवेअरचं दुकान आहे. सासऱ्यांनी उभं केलं, आता मी आणि माझे मिस्टर बघतो. बाबा ७४ वर्षांचे आहेत. दुकानाचं खातं अजून त्यांच्याच नावावर आहे आणि खात्याला मोबाईल नंबरही त्यांचाच जोडलेला आहे. बदलू बदलू म्हणता राहून गेलं.*

*गेल्या महिन्यात एका शुक्रवारी रात्री त्यांच्या भजनी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका जुन्या मित्राच्या नंबरवरून 'आरटीओ चलान' नावाची फाईल आली. आदल्याच दिवशी नाक्यावर पोलिसांनी आपल्या स्कूटरचा फोटो काढला असं बाबांना वाटत होतं. त्यांनी फाईल उघडली. जे विचारलं त्याला 'हो' म्हटलं. एक रुपया भरा असं आलं तेव्हा एटीएम कार्डाचा नंबर आणि पिन घातला. त्या रात्री ४,९०० रुपये गेले. बाबांना ते कळलं होतं, पण त्यांनी आम्हाला सांगितलं नाही. रविवारी पहाटे आणखी ९८,००० गेले. सोमवारी वितरकाचे पैसे पाठवायला बसलो तेव्हा आमच्या लक्षात आलं. लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन केला, बँकेतही गेलो. कुठल्याशा खात्यात ३१,००० रुपये अडवून ठेवलेत एवढंच कळलंय.*

*मिस्टर म्हणतात, बाबांचा स्मार्टफोन काढून घ्यायचा आणि साधा बटणांचा फोन द्यायचा. बाबा तेव्हापासून दुकानात येत नाहीत, जेवायलाही आमच्यानंतर बसतात. पैसे परत मिळतील का? फोन काढून घ्यावा का? आणि आमच्यासारख्या साध्या दुकानदारांनी यापुढे नेमकं काय करायचं? भजनी मंडळाच्या ग्रुपवर हे सांगावं असं मला वाटतं, पण बाबा नको म्हणतात. लोक काय म्हणतील याची त्यांना भीती आहे.*

*— एक सून, कराड*

प्रिय ताई,

तुमच्या मिस्टरांची सूचना निम्मी बरोबर आहे. साधा बटणांचा फोन घ्याच. मात्र तो बाबांच्या खिशात नको, दुकानाच्या गल्ल्यात ठेवा. असं का म्हणते ते पुढे येईलच. आधी पैशाचं बोलू, कारण त्याला मुदती आहेत.

१९३० ला फोन केलात हे फार चांगलं केलंत. तिथे तक्रार नोंदली की ती केंद्रीय गृहखात्याच्या यंत्रणेतून ज्या बँकेत पैसे गेले तिच्यापर्यंत जाते. तिथून पुढच्या खात्यात गेले असतील तर त्या बँकेपर्यंतही जाते. वाटेत जेवढी रक्कम सापडेल तेवढी अडवली जाते. तुमचे ३१,००० असेच सापडलेत. बाकीचे बहुधा चार-सहा खात्यांतून फिरून कुठल्या तरी एटीएममधून बाहेर पडले असतील. ही खाती बऱ्याचदा कॉलेजातल्या पोरांची किंवा हातावर पोट असलेल्या माणसांची असतात. हजार-दोन हजारांवर त्यांनी आपलं खातं 'भाड्याने' दिलेलं असतं. तुमच्या दुकानात कामाला पोरं असतील तर त्यांना हे आवर्जून सांगा, कारण पोलीस पहिल्यांदा त्यांच्याच दारात येतात.

अडवलेली रक्कम आपोआप तुमच्या खात्यात येत नाही, आणि इथेच बरेच जण थांबतात. जिल्ह्याच्या सायबर पोलीस ठाण्यात तक्रारीचा क्रमांक, बँकेचा खातेउतारा आणि प्रत्येक व्यवहाराचा १२ अंकी संदर्भ क्रमांक घेऊन जा. रक्कम परत मिळावी म्हणून पोलिसांच्या अहवालासह न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. त्यासाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ५०३ वापरलं जातं. अशी कितीतरी प्रकरणं लोकअदालतीतही निकाली निघतात. ३१,००० तुमचेच आहेत, फेऱ्या माराव्या लागल्या तरी सोडू नका.

उरलेल्या साधारण ७२,००० बद्दल मी तुम्हाला खोटी आशा दाखवणार नाही. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने ग्राहकाची जबाबदारी ठरवून दिली. ग्राहकाची चूक नसताना तिसऱ्याच कोणी पैसे काढले आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर त्याच्यावर भार पडत नाही. पण पिन किंवा कार्डाचा तपशील ग्राहकाने स्वतः दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. बँक तुम्हाला पहिल्या अर्ध्यावर बोट ठेवून दाखवेल. तरीही लेखी तक्रार द्या आणि तिची पोच घ्या. सोमवारी तुम्ही कळवल्यानंतर एक रुपया जरी गेला असेल तर तो बँकेने द्यायचा आहे. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. फी नाही, वकील लागत नाही, माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. याशिवाय माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४६ नुसार राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांकडे भरपाईचा दावा करता येतो, हे फार थोड्यांना माहीत असतं. तो रस्ता लांबचा आहे. बँकेच्या बाजूने काही कुचराई झाल्याचं कागदावर दिसलं तरच त्या वाटेला जा.

आणि एक सावधगिरी, ताई. येत्या काही आठवड्यांत तुम्हाला फोन येईल की 'आम्ही सायबर सेलमधून बोलतोय, तुमचे पैसे सापडलेत, सोडवायला अमुक फी भरा'. फसलेल्या माणसांचे नंबर पुढे विकले जातात आणि दुसरी टोळी जखमेवर येऊन बसते. पैसे परत देण्यासाठी पोलीस फोनवर पैसे मागत नाहीत. असा फोन आला की ठेवून द्या आणि पोलीस ठाण्यात स्वतः जाऊन विचारा.

आता मला सर्वांत जास्त खुपली ती गोष्ट. शुक्रवारी ४,९०० आणि रविवारी पहाटे ९८,०००, हे आकडे असे का आले? यूपीआय नव्या फोनवर सुरू केलं की पहिल्या २४ तासांत साधारण पाच हजारांपर्यंतच पैसे पाठवता येतात. ही मर्यादा मुद्दाम ठेवलेली आहे, माणसाला जागं व्हायला वेळ मिळावा म्हणून. बाबांनी उघडलेली फाईल हे एक ॲप होतं. त्याने मेसेज वाचायची आणि पाठवायची परवानगी घेतली. बाबांच्याच सिमवरून नोंदणीचा मेसेज गेला, आलेला ओटीपी चोराकडे गेला आणि कार्डाचा तपशील तर आधीच मिळाला होता. त्यावर चोराने स्वतःच्या फोनवर तुमच्या दुकानाचं यूपीआय सुरू केलं. पहिल्या रात्री त्याला पाच हजारांच्या आतच काढता आले. मग तो थांबला. अख्खा शनिवार तो वाट बघत होता, आणि तोच अख्खा शनिवार बाबा घरात एकटे ते ओझं घेऊन बसले होते.

हे बाबांना ऐकवायला मुळीच सांगत नाही. उलट त्यांना ते कसं सांगायचं याचा तुम्ही नीट विचार करावा म्हणून सांगतेय. शनिवारी सकाळी चहाच्या वेळी ते बोलले असते तर ९८,००० वाचले असते. ते का बोलले नाहीत? पैसे गेल्यापेक्षा मुलासमोर वेंधळे ठरण्याची भीती मोठी होती. ज्यांनी दुकान उभं केलं, ज्यांच्या शब्दावर उधारी चालायची, त्यांना 'मी फसलो' असं म्हणणं किती जड गेलं असेल.

मी तीस वर्षं बँकेच्या काउंटरच्या आत बसले. फसवणुकीची तक्रार घेऊन येणारी माणसं पाहिली की मला त्यांच्या चेहऱ्यावर आधी लाज दिसायची, पैशाचं दुःख नंतर. आणि तरी मला माझ्याच घरातलं दिसलं नाही. माझ्या मोठ्या बहिणीने मिक्सर दुरुस्तीसाठी इंटरनेटवर ग्राहक सेवेचा नंबर शोधला. तो चोराचाच होता. त्याने तिला एक ॲप घ्यायला लावलं, फोनचा पडदा त्याला तिकडे दिसू लागला आणि २२,००० गेले. तिने मला तीन आठवड्यांनी सांगितलं. मला, बँकेतल्या सख्ख्या बहिणीला! कारण मी कधीतरी तिच्यासमोर म्हटलं होतं, 'लोक इतके कसे मूर्ख असतात.' ते वाक्य मी आजही विसरलेले नाही. तीन आठवड्यांनी १९३० काय करणार?

म्हणून फोन काढून घेऊ नका. तो काढून घेतलात तर पुढच्या वेळी बाबा अजून उशिरा सांगतील, किंवा सांगणारच नाहीत. शिवाय साध्या फोनने फसवणूक थांबत नाही. 'तुमच्या नावाने पार्सल सापडलंय, अटक होईल' हा फोन बटणांच्या फोनवरही येतो. 'डिजिटल अरेस्ट' नावाचं काहीही आपल्या कायद्यात नाही, हे खुद्द पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये सांगितलं. तरीही निवृत्त अधिकारी, डॉक्टर त्यात आयुष्याची पुंजी घालवून बसतात. तिथे फोन कोणता होता याने फरक पडत नाही. घरात लगेच कुणाला सांगता आलं का, यानेच पडतो.

बाबांना एवढंच हवंय की कुणी चिडणार नाही याची खात्री. आज रात्री जेवायला त्यांना सोबत बसवा आणि तुमच्या मिस्टरांनीच बोलावं, तुम्ही नव्हे. 'बाबा, खात्याचा नंबर बदलायचं काम माझं होतं, मी केलं नाही,' एवढं त्यांनी म्हटलं तरी पुरे. ते खरंही आहे. हवं तर त्यांना कॉसमॉस बँकेची आठवण द्या. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या या बँकेवर सायबर हल्ला झाला आणि ९४ कोटींहून अधिक रुपये गेले. सुरुवात शनिवारी झाली, एटीएममधून पैसे निघाले ते परदेशातल्या कितीतरी देशांतून. ज्यांच्याकडे संगणकाची माणसं पगारावर असतात त्यांनाही चोर शनिवार साधून गाठतात.

आता कामाचं. बाबांचा तो फोन साफ केलात का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. केला नसेल तर हे वाचून होताच इंटरनेट बंद करा आणि सिम बाहेर काढा. बँकेला दुसऱ्या फोनवरून कळवून जुनं कार्ड बंद झालंय ना आणि चोराच्या फोनवरची यूपीआय नोंदणी रद्द झालीय ना, याची खात्री करा. ही दुसरी गोष्ट विचारायची राहते आणि महिन्याभराने पुन्हा पैसे जातात. फोटो आणि नंबर उतरवून घ्या, मग फोन पूर्ण पुसून नव्याने सुरू करा. नुसतं ॲप काढून भागत नाही, अशी ॲप लपून बसतात. नव्याने सुरू केल्यावर सेटिंगमध्ये जाऊन व्हॉट्सॲप आणि ब्राउझरला अनोळखी ॲप बसवण्याची परवानगी बंद ठेवा. व्हॉट्सॲपमध्ये 'लिंक्ड डिव्हाइसेस' उघडून अनोळखी काही दिसलं तर काढून टाका आणि दोन टप्प्यांचा पिन लावा. बाबांना एक खूण शिकवा: फाईलच्या नावाच्या शेवटी 'एपीके' असेल तर ती फाईल नसते, ते ॲप असतं. सरकार चलान असं पाठवत नाही, लग्नपत्रिकाही कुणी अशी पाठवत नाही. खरं चलान बघायचं तर परिवहनच्या किंवा महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या संकेतस्थळाचा पत्ता आपण स्वतः टाइप करायचा, गाडीचा नंबर आणि चेसिसचे शेवटचे अंक घालायचे. 'आज रात्री साडेनऊला वीज कापली जाईल' असा मेसेज कुणाच्या खासगी नंबरवरून आला तर तो महावितरणचा नाही, हेही त्याच बैठकीत सांगून टाका.

मग तो साधा फोन. बटणांचा, ज्यात ॲप बसूच शकत नाही असा फोन घ्या. त्यात एक नवं सिम घाला, तुमच्या मिस्टरांच्या नावावर. दुकानाच्या चालू खात्याला हाच नंबर जोडा. हा नंबर कुणाला देऊ नका, पाटीवर नको, बिलावर नको, व्हॉट्सॲपवर तर नकोच. तो फोन गल्ल्यात राहील, रात्री घरी येईल, आणि त्यावर फक्त बँकेचे मेसेज आणि ओटीपी येतील. वितरकांचे पैसे नेटबँकिंगने पाठवा, ओटीपी त्या फोनवर बघा. या खात्याला यूपीआय जोडूच नका. चोराने उद्या तुमच्या स्मार्टफोनवर कब्जा केला तरी ओटीपी दुसऱ्याच ठिकाणी पडलेला असेल. यूपीआय नाही म्हणून सोय थोडी कमी होईल, पण ज्या खात्यात दुकानाचं भांडवल आहे ते जरा कटकटीचंच असलेलं बरं. सिम रिचार्ज करायला मात्र विसरू नका, नंबर बंद पडला तर तो काही महिन्यांनी दुसऱ्या कुणाला दिला जातो.

गिऱ्हाईकाचे पैसे घ्यायला वेगळं खातं ठेवा, क्यूआर आणि आवाज करणारा डबा त्याला जोडा. रोज संध्याकाळी त्यातली जमा मोठ्या खात्यात वळती करा. रोजच्या किरकोळ खर्चाला तिसरं, छोटं खातं, पाच-दहा हजारांचं. पैसे पाठवायचं यूपीआय त्याच खात्यावर. आपल्या आज्या डब्यांत पैसे वेगवेगळे ठेवायच्या ना, दूधवाल्याचे, किराण्याचे, अडीअडचणीचे? तीच रीत. एक डबा पडला तर बाकीचे जाग्यावर राहतात.

बाबांसाठी 'यूपीआय सर्कल' नावाची सोय आहे, ऑगस्ट २०२४ पासून. त्यात बाबांच्या फोनवर त्यांचं खातं जोडलेलं नसतं, तुमचे मिस्टर स्वतःच्या छोट्या खात्यातून त्यांना खर्चाची मुभा देतात. दोन प्रकार आहेत. एकात प्रत्येक वेळी मुलाने फोनवर 'हो' म्हणायचं. दुसऱ्यात महिन्याला पंधरा हजारांपर्यंतची मर्यादा ठरवून द्यायची, मग बाबांनी विचारायची गरज नाही. मी दुसरा प्रकार सुचवेन. चौऱ्याहत्तराव्या वर्षी पानसुपारीला मुलाची परवानगी मागायला लावू नका. मर्यादा तीन-चार हजारांची ठेवा. फार तर तेवढेच जातील, आणि बाबांचा मान राहील.

खातं बाबांच्या नावावरून तुमच्या मिस्टरांच्या नावावर करायचं असेल तर दुकानाचा परवाना, जीएसटी हे सगळं हलवावं लागतं. ते कर सल्लागाराला विचारून सावकाश करा. नंबर बदलणं मात्र याच आठवड्यात, बाबांना शाखेत सोबत नेऊन. सही त्यांचीच लागेल. त्यांच्यावाचून हे काम होत नाही, हेही त्यांना दिसू दे.

त्याच फेरीत त्यांच्या आणि सासूबाईंच्या आधारचे बोटांचे ठसे लॉक करून टाका. आधारच्या ॲपमधून होतं, लागेल तेव्हा उघडता येतं. ठशांच्या नकला करून आधारवरून पैसे काढल्याचे गुन्हे देशात घडलेत, आणि ज्येष्ठ माणसांना असल्या व्यवहाराचा मेसेज कळतही नाही. झेरॉक्सच्या दुकानात आधार द्यायचं तर पहिले आठ आकडे झाकलेली प्रत द्या. दूरसंचार खात्याच्या 'संचार साथी' संकेतस्थळावर बाबांच्या नावावर किती सिम आहेत तेही बघा, अनोळखी निघालं तर तिथूनच बंद करायला सांगता येतं.

दुकानाच्या काउंटरवर आणखी तीन ठिकाणी लक्ष ठेवा. पैसे आल्याची खात्री डब्याच्या आवाजावरून किंवा तुमच्या ॲपमध्ये बघून करायची, गिऱ्हाईकाने दाखवलेल्या पडद्यावरून नाही. खोटा हिरवा टिक दाखवणारी ॲप मिळतात, आणि रंगाचे वीस-वीस लिटरचे डबे टेम्पोत चढल्यावर कोण कुठे शोधणार? दुकान उघडताना क्यूआरचा कागद आपलाच आहे ना, हे स्वतः एक रुपया पाठवून बघायचं, कारण रात्रीत वर दुसरा चिकटवून जातात. आणि 'चुकून जास्त पाठवले, परत करा' असं कुणी म्हटलं तर आधी आपल्या खात्यात खरंच आलेत का ते बघा. आले असले तरी दुसऱ्याच नंबरवर परत पाठवू नका, त्याला बँकेमार्फत मागू दे. पैसे यायला पिन लागत नाही, जायला लागतो. जिथे पिन मागितला तिथे पैसे आपले जाताहेत.

एक त्रास दुकानदारांना अलीकडे फार होतोय. चोरीच्या पैशातून कुणीतरी तुमच्याकडे माल घेतो, मग त्या पैशाचा माग काढत तक्रार तुमच्या खात्यापर्यंत येते आणि रक्कम गोठते. कधी अख्खं खातंच गोठतं. तुमचा काही दोष नसतो, पण तो सिद्ध करायला कागद लागतो. पाच-दहा हजारांच्या वर यूपीआयने पैसे आले की बिलावर नाव आणि मोबाईल नंबर लिहायचाच, ओळखीचा असला तरी. जमेचं खातं वेगळं ठेवा म्हणते त्यामागे हेही कारण आहे, गोठलं तरी वितरकाचा चेक अडकत नाही.

वितरकाचं नाव निघालंच आहे तर, 'आमचा बँक खाते क्रमांक बदलला आहे, यापुढे या खात्यात पाठवा' असा ईमेल किंवा व्हॉट्सॲप मेसेज आला, लेटरहेड अगदी हुबेहूब असलं, तरी जुन्या वहीतल्या नंबरवर फोन करून विचारल्याशिवाय एक पैसा पाठवायचा नाही. मेसेजमध्ये दिलेल्या नंबरवर नाही, जुन्या वहीतल्या. ही फसवणूक झाली तर रक्कम लाखांत असते आणि पैसे आपणच पाठवलेले असतात. बँकेच्या संकेतस्थळाचा पत्ताही बघत जा. रिझर्व्ह बँकेने बँकांना आपले पत्ते 'डॉट बँक डॉट इन' असे करायला लावलेत, ऑक्टोबर २०२५ ची मुदत होती. शेवट तसा नसेल तर पासवर्ड घालू नका.

तुमच्या दुकानात संगणक आहे का ते लिहिलं नाहीत, पण बिलिंगला असणारच. विंडोज सात असेल तर त्याच्या सुरक्षेच्या दुरुस्त्या जानेवारी २०२० लाच थांबल्या. विंडोज दहाच्याही नेहमीच्या दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ पासून थांबल्या आहेत. नवा संगणक लगेच परवडत नसेल तर एवढं करा: त्यावर बँक उघडू नका, आणि हिशेबाची प्रत दर शनिवारी बाहेरच्या हार्डडिस्कवर काढून ती वायर उपटून घरी न्या. जोडलेली ठेवलीत तर व्हायरस तीही कुलूपबंद करतो. जून २०१७ मध्ये अशाच एका व्हायरसने नवी मुंबईजवळच्या जेएनपीटी बंदरातल्या एका कंटेनर टर्मिनलचं काम बंद पाडलं होतं, आणि तो जगात पसरला युक्रेनमधल्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. तुमच्याकडे उधारीची यादी जरी गेली तरी सीझनचे पैसे बुडतील. दर दोन-तीन महिन्यांनी त्या डिस्कवरची फाईल उघडून बघा, कारण नुसती प्रत काढली आणि ती उघडलीच नाही तर काय उपयोग?

हे सगळं एका दिवसात होणार नाही आणि करूही नका. या आठवड्यात फोन साफ करणं, नंबर बदलणं आणि पोलीस ठाण्याची फेरी. बाकीचं महिन्याभरात. डिस्कवर प्रत काढायचं शनिवारचं काम बाबांना द्या. दुकानाच्या वह्या त्यांनी इतकी वर्षं सांभाळल्यात, ही त्यातलीच एक. त्या निमित्ताने ते दुकानात येतील.

आता भजनी मंडळाचा ग्रुप. सांगायलाच हवं, आणि बाबांनीच सांगायला हवं. ज्या मित्राच्या नंबरवरून फाईल आली त्यांनी ती पाठवलेलीच नसणार. त्यांचा फोन आधी लुटला गेला आणि त्यांच्या नावाने ती सगळीकडे गेली. बाबांच्या फोनवरूनही ती पुढे गेली असेल. म्हणजे आज कुणीतरी बाबांच्या नावावर विश्वास ठेवून ती उघडत असेल. लोक काय म्हणतील या भीतीपेक्षा हे बाबांना जास्त लागेल, आणि त्यांचा नकार इथेच मावळेल असं मला वाटतं. मजकूर मी लिहून देते, त्यांच्या शब्दांत बदलून घ्या:

'मंडळी, रामकृष्ण हरी. चलानच्या नावाने आलेली फाईल मी उघडली आणि माझ्या दुकानाचे पैसे गेले. माझ्या नंबरवरून अशी काही फाईल आली असेल तर उघडू नका, पुसून टाका. कुणी उघडली असेल तर आत्ताच घरच्यांना सांगा आणि १९३० ला फोन करा. उशीर करू नका, मी केला.'

हा मेसेज टाकण्याआधी बाबांना त्या मित्राला फोन करायला सांगा. त्यांच्या फोनमध्ये ती फाईल बहुधा अजून असेल, आणि त्यांनीही कदाचित घरात कुणाला काही सांगितलेलं नसेल.